सहा बोटं जागा

मी गादीवाला. म्हणजे मोटारींच्या सीटा बनवणारा. दुकानाच्या पाटीवर काहीतरी इंग्रजी नाव होतं, पण नाशकात ते कुणी उच्चारलं नाही; 'द्वारका नाक्याजवळचा गादीवाला' म्हणूनच लोक पत्ता सांगायचे. दुसऱ्याच्या बुडाखाली काय असावं आणि पाठीला काय लागावं, हे ठरवण्यात माझी हयात गेली. या धंद्यात पाप करायला फारसा वाव नसतो असं मला बरीच वर्षं वाटायचं. फार तर चामडं सांगून रेक्झीन लावायचं. तेही मी कधी केलं नाही. मी जे केलं ते गिऱ्हाइकाच्या सांगण्यावरून, उत्तम माल वापरून, दहा दिवस मान मोडून केलं, आणि त्याची मला अजून लाज वाटते.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. शहरात जिकडेतिकडे छोट्या गाड्या झाल्या होत्या आणि माझ्या दारात त्यांची रांग लागायची. टॉवेलच्या कापडाची कव्हरं, मानेमागच्या उशा, दारांना नक्षी. पोटापुरतं भरपूर, पण हाताला खरं काम नाही. वडिलांनी मला काथ्या पिंजायला, स्प्रिंगा सुतळीनं बांधायला, घोड्याच्या केसांचे थर द्यायला शिकवलं होतं आणि मी दिवसभर कव्हरांत इलॅस्टिक ओवत बसायचो. त्यामुळे चिडचिडा झालो होतो. घरात जेवतानासुद्धा कुणी माझ्याशी फार बोलत नसे. अशात एका सकाळी ती मोटार दुकानासमोर येऊन उभी राहिली आणि नाक्यावरचे रिक्षावाले रिक्षा सोडून बघायला आले.

मोटार परदेशी, स्वातंत्र्याच्या कितीतरी आधीची. लांबलचक नाक, माणूस आडवा होईल एवढे मडगार्ड, चढायला दोन्ही बाजूंना फळी. औरंगाबाद रोडला लग्नकार्यांचं मोठं लॉन असलेल्या एका शेठनी ती एका जुन्या श्रीमंत घराकडून विकत घेतली होती, लग्नांना भाड्यानं द्यायला. त्या काळी असल्या मोटारींची कंपनी नुसता सांगाडा आणि इंजिन द्यायची. वरची खोली, म्हणजे बॉडी, मालकाच्या मर्जीप्रमाणे दुसरे कारागीर बांधायचे, त्यात आमच्यासारखे गादीवालेही असायचे. मागे अगदी दिवाणखाना: मऊ लोकरी कापड, पिसांच्या उशा, हात टेकायला जागा, पाय ठेवायला उतरती पाटी, खिडक्यांना रेशमी पडदे. मग मधे लाकडी आडभिंत, तिच्यात सरकती काच आणि दुमडून ठेवलेल्या दोन छोट्या सीटा. भिंतीच्या पुढे ड्रायव्हरचा बाक, ताठ पाठीचा, कडक चामड्याचा. तो भिंतीला जखडलेला असल्यामुळे पुढेमागे सरकायचा प्रश्नच नव्हता.

मोटारीबरोबर ड्रायव्हरही आला होता. शेठनी त्याला मागितला नव्हता. तो मोटारीमागे आपणहून आला. सिन्नरकडच्या खेड्यातला, पंचावन्नच्या पुढचा, सहा फुटी सडसडीत माणूस. सगळे त्यांना मामा म्हणायचे. सत्तावीस वर्षं त्यांनी हीच एक मोटार चालवली होती. जुन्या मालकांची मुलं परदेशी गेली, बंगला विकला गेला, तेव्हा मामांना गावी परतता आलं असतं. थोडी शेती होती, मुलगा बघत होता. पण ते मला म्हणाले, "हिला दुसऱ्याच्या हातात कशी दिऊ? ही माझ्याबिगर चालूच व्हायची नाय." आणि खरंच ती दुसऱ्या कुणाकडून धड चालू होत नसे. जगात त्यांना हा एवढा एकच मान होता आणि त्यांना तो पुरत होता.

त्या सकाळी मामा गाडीतून उतरले ते मी नीट पाहिलं. हे इथं मुद्दाम लिहून ठेवतो. आधी त्यांनी उजवा पाय फळीवर टेकला. मग डावी मांडी दोन्ही हातांनी धरून तो पाय ओंडक्यासारखा उचलून बाहेर काढला. गुडघा वाकत नव्हता. थोडाफार वाकत असेल, पण बसल्यावर वाकायला हवा तेवढा नक्कीच नाही. म्हणजे हा माणूस डावा पाय लांब करून बसतो आणि कमरेतून जोर लावून क्लच दाबतो, हे माझ्या तिथल्या तिथं ध्यानात आलं. माणसं कशी बसतात हे बघणं हाच तर माझा धंदा होता.

थोड्या वेळानं शेठ आले. आले ते तक्रार घेऊनच.

"मागे जागा वाढव. परवाच्या वरातीत तमाशा झाला. नवरा-नवरी बसले, समोर त्या छोट्या सीटांवर करवली आणि पाठराखीण. नवरदेवाचे गुडघे करवलीला लागत होते. नवरीचा शालू दारात अडकला. एवढी मोठी मोटार आणि आत खुराडं!"

"किती वाढवायची?"

त्यांनी हात आडवा धरून दाखवलं. "सहा बोटं तरी."

मी त्यांना समजावून सांगितलं. इंजिन पुढे सरकत नाही, स्टिअरिंगही नाही. मागची चाकं मागे जात नाहीत, त्यामुळे मागची गादीही तिथेच राहते. मधे सरकवण्यासारखी एकच गोष्ट आहे, ती आडभिंत. ती पुढे घ्यायची तर ड्रायव्हरचा बाक पुढे जाणार.

"मग घे की पुढे," शेठ म्हणाले. "मामांना काय, स्टिअरिंगला हात पोचले म्हणजे झालं. आणि हे काम मनासारखं झालं तर लॉनवरचे सगळे सोफे, नवरा-नवरीच्या खुर्च्या, सगळं तुझ्याकडे."

सोफ्यांचं आमिष होतं हे मी नाकारत नाही. पण खरं सांगायचं तर ते नसतं तरी मी हो म्हटलं असतं. त्या मागच्या खोलीत हात घालायला मिळणार म्हणून मी हुरळून गेलो होतो. घोड्याचे केस, पिसं, जुनी शिलाई! इलॅस्टिक ओवणाऱ्याला हे पुन्हा कधी मिळणार होतं?

आता माप घ्यायचं होतं. वडिलांची यात एक शिस्त होती आणि ती त्यांनी कधी मोडली नाही: जो बसणार, त्यालाच बसवून माप घ्यायचं. ट्रॅक्टरवाला असो, नाहीतर डॉक्टर. गुडघ्यापुढे चार बोटं, मांडीखाली दोन, पाठीमागे हात सरकवून बघायचं. मी मामांना म्हटलं, "बसा जरा, माप घेतो."

मामा टोपी हातात घेऊन बाजूला उभे होते. ते हलले नाहीत.

"शेठ उभे हायेत," ते हळूच म्हणाले. "मी कसा बसू?"

हे त्या जुन्या घरातलं वळण होतं. मालक खाली उभा असताना ड्रायव्हरनं गाडीत बसायचं नाही; दार धरून उभं राहायचं. सत्तावीस वर्षांत ते त्यांच्या हाडात मुरलं होतं. शेठना असल्या रीती ठाऊकही नव्हत्या. त्यांनी 'बसा मामा' एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं, पण ते घड्याळ बघत होते.

"तुम्हीच बसा ना, मिस्तरी," मामा म्हणाले. "माझं काय, बसंन कसाबी."

"अरे बस तूच," शेठ म्हणाले. "किती वेळ घालवतोस?"

मी बसलो. माझी उंची पाच फूट तीन इंच, दोन्ही गुडघे तेव्हा ठणठणीत. मी बाकावर पुढे सरकून बसलो, सहा बोटं मोजली, पाय क्लचवर ठेवला, दाबला. गुडघा स्टिअरिंगच्या खालून सहज निघाला. "जमतंय," मी म्हणालो. दाराच्या चौकटीतून मला मामांचा कोट दिसत होता. उंच असल्यामुळे डोकं दिसत नव्हतं. शेठना थोडं बाजूला घेऊन 'यांच्या पायाला त्रास आहे, हे जमायचं नाही' असं मी सांगू शकत होतो. तेवढं एक वाक्य बोलायचं होतं. मी तोंडात मिठाची गुळणी धरली आणि पेन्सिलीनं खूण केली.

आतली जुनी चटई उचलली तेव्हा लाकडी तळात मला खुंट्या मारून बुजवलेल्या भोकांची एक रांग दिसली. तिच्यापुढे तीन बोटांवर आडभिंतीचे आताचे बोल्ट. म्हणजे माझ्याही आधी कुणीतरी कुणासाठी तरी ही भिंत एकदा पुढे ढकलली होती. तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नाही. उलट त्या अनोळखी कारागिराची भोकं वाकडी आहेत आणि माझी सरळ येतील, एवढंच मनात आलं. भिंत पुढे घेतली. बाकाची पाठ पातळ केली, मांडीखालचा थर कमी केला. मागे मात्र जीव ओतला. पायाखालची पाटी लांबवली, छोट्या सीटांना नवं अस्तर दिलं, मागच्या गादीच्या स्प्रिंगा पुन्हा बांधल्या. शेठाणींना आणून बसवलं तर त्या पाय पसरून म्हणाल्या, "अगंबाई, इथंच झोपावं असं वाटतंय." माझी छाती फुगली.

मामा त्यानंतर बसले. डावा पाय आत घेतला तो पेडलपर्यंत सरळ जाईना, आणि वाकवावा तर स्टिअरिंगच्या दांड्याला अडला. शेवटी ते दाराकडे तिरके झाले, कंबर वळवली आणि टाचेनं क्लच चाचपडला. कपाळावर घाम आला होता. मी विचारलं, "कसं वाटतंय?"

"बसंल हळूहळू," ते म्हणाले. "नवी चप्पलबी चावतीच की चार दिस."

मी मान डोलावली. त्यांनी असं म्हटल्यावर मला केवढं हायसं वाटलं!

वरातीची मोटार म्हणजे काय ते चालवणाऱ्यालाच कळतं. पुढे बँड, नाचणारी मंडळी, मागे मोटार गोगलगायीसारखी. दोन-दोन तास पहिला गिअर आणि अर्धा दाबलेला क्लच. सोडला की गाडी पुढच्यांच्या अंगावर जाणार, पूर्ण दाबून धरला की पाय भरून येणार. चांगल्या गुडघ्याचा माणूस रडकुंडीला येतो. मामा त्या लग्नसराईत तसेच तिरके बसून मोटार चालवत होते. मी पंचवटीत एकदा त्यांना पाहिलं. वरात सिग्नलशी खोळंबली होती. मामा डावी मांडी दोन्ही हातांनी दाबत होते, आणि मागे माझ्या गादीवर नवरदेव पाय लांब करून मजेत बसला होता. मामांचं लक्ष नव्हतं. मी गल्लीत वळलो.

पुढल्या महिन्यात शेठ मोटार घेऊन आले तेव्हा चालवत दुसराच कुणी होता, धक्के देत देत. मागच्या कापडावर पाण्याचा मोठा डाग पडला होता. शेठ सांगत होते, वरात नवऱ्याच्या दारात पोचता पोचता मामांचा पाय क्लचवरून सटकला, गाडीनं उसळी घेतली आणि करवलीच्या हातातला करा नवरीच्या मांडीवर उपडा झाला. पाणी सांडलं, नारळ घरंगळला. नवरी घराचा उंबरा ओलांडायच्या आत करा सांडला! नवऱ्याकडच्या बायकांनी गलका केला. कुणीतरी मामांना गाडीतून ओढून उतरवलं, सगळ्यांसमोर वाटेल ते बोललं.

"काढून टाकलं म्हाताऱ्याला," शेठ म्हणाले. "वय झालं आता. काही बोलला नाही, किल्ली दिली आणि गेला." मग डाग दाखवता दाखवता हसून म्हणाले, "तुझ्या ओळखीत कुणी बुटका ड्रायव्हर आहे का?"

म्हणजे त्यांनाही कळलं होतं. दोघांनाही कळलेलं होतं आणि आम्ही दोघं हसलो. हो, मीही हसलो. एवढंच नाही, एक टेम्पोवाला ओळखीचा होता, त्याचं नाव मी सुचवलं. तो माझ्याच उंचीचा होता. त्याला तिथं अगदी व्यवस्थित बसता यायचं.

आठ बोल्ट होते. सोडवून भिंत मागे घ्यायला दोन दिवस पुरले असते. हिशोब मी किती वेळा केला असेल! दर वेळी काहीतरी निमित्त निघायचं: शेठ चिडतील, मामा आता परत येणार नाहीत, लोकांचे करे काय असेही सांडतात. लॉनचे सोफे माझ्याकडे आले. खुर्च्या आल्या. दुकान वाढलं. कुठल्याही लग्नात करवली समोरून आली की मात्र मी उचललेला घास ताटात ठेवायचो आणि बायको विचारायची, "काय झालं?" मी म्हणायचो, "तिखट आहे."

दहा-बारा वर्षं गेली. लग्नांना मग लांब पांढऱ्या गाड्यांची फॅशन आली, शेठनी ती मोटार पुण्याच्या एका हौशी माणसाला विकली. त्याला ती जशी जन्मली तशी करून हवी होती. तो मला म्हणाला, आडभिंत मूळ जागी न्या. मी आठ बोल्ट सोडवले. आपल्या भोकांत खुंट्या मारल्या. त्यामागची त्या जुन्या कारागिराची भोकंही बुजवली आणि भिंत अगदी पहिल्या रांगेवर नेऊन बसवली. बाकाला जुनी जाडी दिली. दीड दिवसात झालं.

बाकाच्या पाठीचा कल कसा होता ते विचारायला मी मामांकडे जायचं ठरवलं. खरं तर विचारण्यासारखं काही नव्हतं, लाकडावर खुणा होत्या. मला त्यांना भेटायचं होतं आणि नुसतं भेटायला जायचं धाडस नव्हतं.

सिन्नरच्या पुढे त्यांचं गाव सापडलं. मामा ओट्यावर बसले होते, वाळलेले, हातात काठी. मला पाहून इतके खूश झाले की माझीच मान खाली गेली. मोटार दुकानात उभी आहे म्हटल्यावर चहा अर्धा ठेवून उठले. माझ्या व्हॅनमध्ये वाटभर तिच्याबद्दल बोलत होते: थंडीत कशी खोकायची, घाटात कशी दमायची नाही.

दुकानात आम्ही दोघंच होतो. मी दार उघडलं आणि म्हटलं, "बसा मामा."

ते बसले. डावा पाय आत घेतला आणि तो लांब होत होत आरामात पेडलपाशी गेला. त्यांनी पाठ टेकली. दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले.

"एवढी जागा व्हती व्हय हिच्यात?" ते म्हणाले. "सत्तावीस वर्सं मला कधी कळलं नाय."

मी दार धरून बाहेर उभा होतो.

"चूक माझीच व्हती, मिस्तरी," ते म्हणाले. "तुम्ही बसा म्हणत व्हते, मी बसलो नाय. बसलो असतो तर तुम्हाला दिसलं असतं. तुम्हाला काय ठाऊक माझा पाय असा हाय म्हनून. लय वर्सं मनात व्हतं, तुम्हाला सांगायचं. तुमच्या कामाला बट्टा लागला माझ्यापायी."

ते माझी माफी मागत होते. एवढी वर्षं सगळा दोष त्यांनी स्वतःकडे घेतला होता आणि मी तो त्यांच्याकडे राहू देऊ शकत होतो. गप्प राहायला मला चांगलं जमत होतं. पण त्या दिवशी नाही जमलं.

"मामा, मला ठाऊक होतं," मी म्हणालो. "तुम्ही त्या सकाळी उतरलात तेव्हाच मी पाय बघितला होता. जमणार नाही हे मला कळलं होतं."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. काहीतरी ओळखीचं शोधावं तसं पाहिलं.

"मग बोलला का नाय?"

मी सांगायला लागलो: शेठ घाईत होते, तुम्हीच म्हणालात बसंन कसाबी म्हणून. माझं मलाच ऐकवेना, मी थांबलो.

"मला बोलता येत नव्हतं," मामा म्हणाले. "तुम्हाला येत व्हतं."

ते उतरले. काठी घेतली. मोटारीकडे पुन्हा पाहिलं नाही. "मला नाक्यावर सोडा, यश्टीनं जाईन," म्हणाले. मी परोपरीनं विनवलं, गाडीनं घरापर्यंत सोडतो, पाय दुखेल. त्यांनी ऐकलं नाही. द्वारकेवर आम्ही अर्धा तास एसटीची वाट बघत थांबलो. सिन्नरची एसटी आली ती खच्चून भरलेली होती. कंडक्टरनं हात देऊन त्यांना वर घेतलं. गाडी निघाली तेव्हा खिडकीतून मला ते दिसले, वरच्या दांडीला धरून उभे होते.